शंभरला बोंबलणारी पेटी

"कप हातात धरा, नाहीतर सांडेल," मिलिंदराव म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

पडद्यावर एक विमान कोसळलं. आधी सोफा थरथरला, मग माझं पोट, आणि मग टीपॉयवरचा कप बशीसकट सरकत कडेपर्यंत गेला. तो मी पकडला. चहा मात्र विजारीवर सांडायचा तो सांडलाच.

मिलिंदराव माझे साडू. कोल्हापूरला राहायचे. वर्षातून दोनदा काहीतरी नवीन घ्यायचे आणि ते बघायला आम्हाला मिरजेहून बोलवायचे. आधी वॉशिंग मशीन बघून झालं होतं, त्याच्या आधी गाडी. त्या खेपेला होम थिएटर होतं. टीव्हीशेजारी एक काळा चौकोनी डबा मांडला होता आणि सगळा गडगडाट त्यातून येत होता.

"सबवूफर," डब्यावर थाप मारत ते म्हणाले. "खालचे आवाज. कानानं नाही, पोटानं ऐकायचे. तुम्ही फिजिक्सवाले, तुम्हाला मी काय सांगणार."

खरंच काही सांगायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि ध्वनीचा धडा माझ्या आवडीचा होता. विजार ओली नसती तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

"यात आहे काय?" मी म्हणालो. "एक मोठा स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि एक लाकडी खोका. मी घरी बनवीन याच्यापेक्षा चांगला."

माझी बायको वैजयंती हिनं डोळे मिटून घेतले. मी घरी बनवलेल्या सोलर कुकरात तिनं एकदा सकाळी मूग लावले होते. संध्याकाळी त्या मुगांना मोड आले होते.

"बनवा की," मिलिंदराव म्हणाले. "दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही ऐकायला येतो. जेवूनच जाऊ."

परतीच्या एसटीत वैजयंती जयसिंगपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, सांगलीत मिळतो तसला डबा. घेऊन टाकू या आणि त्यावर तुमचं नाव घालू या. मी कुणाला सांगणार नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमची तत्त्वं माळ्यावर ठेवायला आता जागा नाही," ती म्हणाली.

मी गणितं मांडली. बारा इंची स्पीकर मुंबईहून मागवला. खोका साठ लिटरचा, चारी बाजूंनी बंद, अठरा मिलीमीटर जाड फळीचा, हे सगळं एका वहीत नीट आकृतीसकट काढलं. अडलं ते सुतारापाशी. आमचा सुतार "उद्या सकाळी आलोच" म्हणायचा आणि त्याचं उद्या काही उजाडेना. असे तीन आठवडे गेले.

तेव्हा वैजयंतीनंच दस्तगीर चाचांचं नाव काढलं.

चाचांचं दार आमच्यापासून तिसरं. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारी जी जुनी घरं आहेत त्यातलं ते एक. बाराव्या वर्षापासून चाचा भोपळे कोरत आले होते, त्यांचे तंबोरे कुठकुठल्या गवयांकडे होते. पण आदल्या वर्षी एक गोष्ट घडली होती. धारवाडच्या एक गाणाऱ्या बाई त्यांच्याकडून तंबोरा घेऊन गेल्या. घेताना तारा छेडून "छान झालाय" म्हणाल्या. पंधरा दिवसांनी तोच तंबोरा ड्रायव्हरच्या हाती परत आला, वर चिठ्ठी, की सूर धरत नाही.

त्या दिवशी चाचांनी हत्यारं गोणपाटात बांधली आणि फळीवर टाकली. पोरानं दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात मोबाइल रिचार्जचं काउंटर काढलं. मागच्या अर्ध्या भागात चाचा नुसते बसून राहायचे.

"बसून असते तर बरं होतं," चाची वैजयंतीला सांगत होत्या. "घरभर फिरून भांड्यांना टिचक्या मारतात ओ. पातेलं, तांब्या, झाकण. कान गेले का बघतात. परवा माझ्या हातातल्या कढईला मारली, तेल तापलेलं. काहीतरी काम द्या त्यांना ताई. काय पण द्या."

मी वही घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी आकृती उलटी धरली, मग सुलटी धरली.

"तार कुठं लागणार?"

"तार नाही चाचा. यात एक स्पीकर बसणार."

"म्हणजे यातनं आवाज येणार."

"हो. मोठा. खालचा."

त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली. त्यांचा नकार मला तोंडावर दिसत होता. मग ते म्हणाले, "घरी येऊन बसतो एकदा. बसल्याबिगर कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आले. मला वाटलं जागा मोजतील, म्हणून मी टेप काढून ठेवला होता. त्यांनी टेपकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला पंखा बंद करायला सांगितला, वैजयंतीला कुकर उतरवायला सांगितला, आणि दिवाणावर मांडी घालून डोळे मिटून बसले. अर्धा तास. मध्ये एकदा त्यांनी बोट वर केलं, जणू कुणाला तरी थांब म्हणाले. मग उठले.

"करतो," म्हणाले.

"झोप लागली होती त्यांना," मी नंतर म्हणालो.

"लागू दे," वैजयंती म्हणाली. "कामाला तर लागले."

बारा दिवसांनी पेटी आली. चाचा स्वतः पुढे, पोरगा मागे, आणि मध्ये पांढऱ्या धुतल्या धोतरात गुंडाळलेली पेटी. त्यांनी ती टीव्हीशेजारी ठेवली आणि धोतर काढलं.

मी आयुष्यात इतकी देखणी वस्तू माझ्या घरात बघितली नव्हती. तंबोऱ्याला असतं तसं लालसर चकचकीत पॉलिश, चारी कडांना पांढऱ्या वेलबुट्ट्या, पुढच्या अंगाला स्पीकरच्या भोकाभोवती कमळाच्या पाकळ्या. कोपऱ्यात सांधा शोधून सापडत नव्हता.

"ठोका," चाचा म्हणाले.

मी बोटाच्या पेरानं हलकेच ठोकलं. पेटी गायला लागली. मी हात काढून घेतला तरी गात राहिली.

"चाचा, फळी किती जाडीची घेतली?"

ते हसले. त्या वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "मास्तर, रागावू नका, पण तुमचं ते अठरा मिलीमीटर म्हणजे पोळपाटाचं माप. त्यातनं काय आवाज निघणार? तुनाचं जुनं लाकूड होतं, बापाच्या वेळचं, तंबोऱ्यासाठी जपलेलं. ते घेतलं आणि तासत तासत पाचावर आणलं. तुम्ही शिकलेले, तुमच्या ध्यानात आलं नसंल. मी सांभाळून घेतलं."

आता हे सांगायला हवं, नाहीतर पुढची पंचाईत कळायची नाही. तंबोऱ्याचं लाकूड पातळ हवं, ते तारेबरोबर थरथरलं पाहिजे, बोललं पाहिजे. सबवूफरचं नेमकं उलटं असतं. तिथं फक्त स्पीकरचा पडदा हलायला हवा आणि खोका दगडासारखा गप्प हवा. खोकाच बोलायला लागला की सगळं संपलं. म्हणून तर जाड फळी. पण "खोका मुका पाहिजे" हे तीन शब्द मी वहीत कुठेही लिहिले नव्हते, कारण ते कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं. तंबोरे करणाऱ्याला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

"कशी झालीय?" चाचांनी विचारलं. त्यांचा हात पेटीवर होता.

"छान झालीय," मी म्हणालो.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी स्पीकर बसवून बघितला. विमान कोसळलं तेव्हा पेटीतून असा सूर निघाला की जणू कुणी मैफिलीला सुरुवात करतंय. बॉम्ब फुटला, तोच सूर. घोडे दौडले, तोच सूर. बातम्या लावल्या तर बातम्या देणारा गृहस्थ बोलायच्या आधी तंबोरा लावून घेतोय असं वाटलं. मी सगळं बंद केलं, प्लग काढला. तरीही थोड्या वेळानं पेटी गुणगुणायला लागली. मी चरकलो. मग स्वयंपाकघरातला फ्रिज थांबला आणि पेटीही थांबली. पुन्हा फ्रिज सुरू, पुन्हा पेटी सुरू.

वैजयंती तोंडात पदर कोंबून हसत होती.

मला भयंकर राग आला, चाचांचा कमी आणि माझा जास्त. मास्तर असल्यामुळे राग आला की मी मोजमापं घेतो. कॉम्प्युटरवरून पेटीला एकेक सूर दिला, ऐकला आणि सेकंदाला किती कंपनं त्या आकड्यासकट वहीत लिहिला. शेवटी काय लिहिलं ते मला पाठ आहे, पण ते पुढे येईलच.

"उद्या सांगतो त्यांना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची शिरा घेऊन आल्या. शिरा वैजयंतीच्या हातात दिला आणि दारातच डोळे पुसायला लागल्या. "काल रात्री गोणपाट सोडलं ओ त्यांनी. पहाटे उठून भोपळा उतरवलाय. माझ्या भांड्यांना हात लावला नाही." मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. शर्टाची बटणं लावत होतो, ती उलटी लागली.

त्यानंतर मी सांगायचं रोज उद्यावर ढकललं. सुताराला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवत होतो कोण जाणे. दिवाळी झाली, रविवार आला. शनिवारी दुपारी मी सांगलीला गेलो आणि एका दुकानातून काळा चौकोनी डबा विकत आणला. तत्त्वाचं काय झालं हे वैजयंतीनं विचारलं नाही. तिनं फक्त माळ्याकडे एकदा बघितलं.

डबा आम्ही दिवाणाखाली सरकवला, पुढे पलंगपोस खाली सोडला. पेटी टीव्हीशेजारी दिमाखात राहिली, फक्त तिची वायर कुठेच जात नव्हती. पण नुसता डबा वाजवला तरी पेटी त्याच्याबरोबर गायची. म्हणून मी तिच्या पोटातला स्पीकर काढला, आत एक गोधडी आणि माझे दोन स्वेटर दाबून भरले आणि स्पीकर परत बसवला. पेटी गप्प झाली. ते करताना मला कुणाचं तरी तोंड दाबल्यासारखं वाटलं. हे मी वैजयंतीलाही बोललो नाही.

मिलिंदराव सपत्नीक आले. चाचांना बोलावणं भागच होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, टोपीही नवी होती. खुर्ची मी त्यांच्यासाठी ठेवली होती, पण मिलिंदराव आधीच तीत बसले होते.

"चाचा, इकडं बसा, मी आतून स्टूल आणतो," मी म्हणालो.

"कशाला ओ? हे आहे की," असं म्हणून चाचा दिवाणावर बसले. बरोबर डब्याच्या वर. मागच्या वेळी जिथं मांडी घातली होती तिथंच.

वैजयंतीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून मी रिमोट दाबला.

विमान कोसळलं. खिडकीची काच थरथरली. मिलिंदरावांच्या बायकोनं "अगं बाई" म्हणून कानावर हात ठेवले. मिलिंदराव खुर्चीत पुढे सरकून पेटीकडे एकटक बघत होते. आणि चाचा दिवाणावर ताठ बसून होते, त्यांच्या मांड्या, टोपी आणि दाढी सगळं बारीक बारीक हलत होतं.

ते उठले. पेटीजवळ गेले आणि तिच्यावर पालथा पंजा टेकवला. पडद्यावर तोफा चालू होत्या. चाचांनी पंजा तसाच ठेवला, मग काढला आणि परत येऊन दिवाणावर बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

तोफा थांबल्या.

"मानलं," मिलिंदराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. चाचा, हे तुम्ही केलंत?"

मी रिमोट खाली ठेवला.

चाचांनी टोपी नीट केली. "लाकूड जुनं आहे," ते म्हणाले.

"मला करून द्याल एक?"

"तुमच्या घरी येऊन बसावं लागंल," चाचा म्हणाले. "त्याबिगर होत नाही."

जेवताना ते एक पोळी खाऊन उठले. संध्याकाळी गल्लीत बघितलं तर दुकानाचा मागचा अर्धा भाग बंद होता.

सोमवारी मी कॉलेजातून आलो तर चाचा आमच्या दिवाणावर बसलेले. वैजयंतीनं चहा दिला होता, तो तसाच होता.

"मास्तर, याच्याखाली काय आहे?"

"अंथरुणं," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय आठ दिवसांत लागते.

"अंथरुणं गुरगुरतात?"

मी गुडघ्यावर बसून डबा बाहेर ओढला. चाचांनी त्याला वाकून टिचकी मारली. ठक. आणखी एक. ठक.

"हे मेलेलं आहे."

"तसंच लागतं चाचा," मी म्हणालो, आणि मग जे पहिल्या दिवशी सांगायचं होतं ते जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं. पडदा, खोका, अठरा मिलीमीटर, मुकं लाकूड.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग उठून पेटीपाशी गेले, खिशातून पेचकस काढला आणि स्पीकर खोलायला लागले. भोकात हात घालून त्यांनी आधी एक स्वेटर काढला, मग दुसरा, मग गोधडीचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. गोधडी मोठी होती. वैजयंतीच्या आईनं शिवलेली, डबल बेडची. ती येतच राहिली.

"अंथरुणं इथं आहेत," चाचा म्हणाले.

वैजयंतीला हसू आलं आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दोन्हीपैकी काहीच जमलं नाही.

"चाचा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"आणि काल मला बरं वाटलं असंल."

"मग काल बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर?"

"तुमचे साडू बसले होते," ते म्हणाले. "साडूसमोर माणसाची अब्रू घालवतात होय?"

मी मान खाली घातली. आठ दिवस मी समजत होतो की मी त्यांना सांभाळतोय.

चाचा खाली गोधडीवर बसले. "त्या धारवाडच्या बाई पण 'छान झालाय' म्हणून गेल्या. तुम्ही पण छान म्हणालात. मास्तर, म्हातारपणी लोक तोंडावर खरं बोलायचं सोडतात. मग मला कळणार कसं? हात गेले का कान गेले का दोन्ही शाबूत आहेत? टिचक्या मारून किती कळणार? म्हटलं पेटीवर एकदा बघू. ही लागली तर कान आहेत, नाही लागली तर हत्यारं पोराला देऊन टाकतो, तो विकू दे. आणि तुम्ही हिच्या तोंडात बोळा घातला."

स्वयंपाकघरात फ्रिज खट्ट करून सुरू झाला.

पेटी गुणगुणायला लागली.

चाचांचं तोंड एकदम बदललं. ते पेटीकडे कान करून बसले, डोळे मिटून, बोट वर करून. हे मी आधी बघितलं होतं.

"हे तरी बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

"काय बरोबर आहे का?"

"सूर. पांढरी पाच, जरा चढी. मास्तर, तंबोरा करायचा तर गाणाऱ्याच्या गळ्याला लावून करतात. पेटी कुणाच्या गळ्याला लावू? तुमच्या घरी येऊन बसलो. तुमच्यात गाणारं कुणी नाही. फ्रिज तेवढा गातो. त्याला लावली. मला लागल्यासारखी वाटती. पण माझं काय खरं."

मी उभा राहिलो. आठ दिवस ज्याला मी बिघाड म्हणत होतो ते त्यांनी मुद्दाम केलं होतं. टेप न लावता, अर्धा तास डोळे मिटून.

"बरोबर आहे चाचा. तंतोतंत बरोबर."

"तुमच्या तोंडावर माझा आता विश्वास नाही," ते शांतपणे म्हणाले.

मग वही आठवली. मी ती आणली, पण चाचांनी हात आडवा केला.

"तुम्ही नको. ताई, तुम्ही वाचा. कधीचं लिहिलंय ते पण वाचा."

वैजयंतीनं वही घेतली, चष्मा लावला आणि माझ्याकडे एकदा बघून वाचायला लागली. "ज्या दिवशी पेटी आली त्याच रात्रीची तारीख आहे चाचा. 'नव्वद, ठीक. पंचाण्णव, ठीक. अठ्ठ्याण्णव, किंचित कुरकुर. शंभर...'" ती थांबली.

"वाचा की."

"'शंभर, पेटी बोंबलते. फ्रिज लागला तरी बोंबलते. एकशेदोन, गप्प. एकशेपाच, गप्प. फक्त शंभरलाच बोंबलते. निरुपयोगी.'" शेवटच्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, तेही तिनं सांगितलं.

"आणि फ्रिज? त्याचं किती?"

"आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते," मी म्हणालो. "फ्रिज तिच्या दुप्पट घुमतो. शंभर. कुठल्याही पुस्तकात बघा."

"म्हणजे तो पण शंभर आणि ही पण शंभर."

"हो."

"नव्याण्णव नाही?"

"नाही."

"पुन्हा वाचा ताई," चाचा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. 'बोंबलते'ला चाचांनी मान डोलावली, एखाद्या जागेला दाद द्यावी तशी. 'निरुपयोगी'ला ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी माझी गोधडी ओढून तोंडावर धरली. मी आणि वैजयंती भिंतीकडे बघत उभे राहिलो.

मग ते उठले. गार चहा एका घोटात प्याले.

"ते पान द्या मला फाडून," म्हणाले.

ते पान पुढे त्यांच्या दुकानात मागच्या अर्ध्या भागात काचेच्या चौकटीत लागलं. गवई लोक यायचे आणि विचारायचे, हे काय? चाचा म्हणायचे, सर्टिफिकेट आहे. धारवाडच्या बाईंचा तंबोरा त्यांनी त्याच आठवड्यात खोलला. आत लाकडाला केसभर चीर निघाली. दोष लाकडाचा होता. नवा तंबोरा पोरगा जाऊन देऊन आला आणि तो तंबोरा परत आला नाही.

मला त्यांनी दुसरा खोकाही करून दिला. त्यासाठी मला घेऊन ते लाकडाच्या वखारीत गेले, प्रत्येक फळीला टिचकी मारली आणि आयुष्यभर जी नाकारली असती नेमकी ती काढायला सांगितली. "ही बघा, एकदम ठार," असं म्हणत तिच्यावरून हात फिरवला. तो खोका अजून टीव्हीखाली आहे आणि विकतच्यापेक्षा बरा वाजतो. विकतचा डबा वैजयंतीच्या भाच्यानं नेला. मिलिंदरावांना यातलं आजवर काही माहीत नाही. ते हे वाचत असतील तर चाचांनी माझी राखलेली अब्रू आज माझ्याच हातानं गेली असं समजावं.

चाचांना जाऊन आता सहा वर्षं झाली. कमळाच्या पाकळ्यांची पेटी दिवाणाशेजारी आहे, आत काहीही भरलेलं नाही. फ्रिज मात्र म्हातारा झालाय. दर उन्हाळ्यात दुरुस्तीवाला येतो, मागे कान लावतो आणि म्हणतो, ताई, किती आवाज करतोय हा. कंप्रेसर बदलू या, नाहीतर नवीन घ्या. नव्याला अजिबात आवाज नसतो.

"आवाज राहू दे," वैजयंती त्याला सांगते. "थंड नाही झालं तरी चालेल."